चौऱ्याण्णववर अडलेलं नेट

प्लॅन वाढवला त्या दिवशी मी घरात कुणाला सांगितलं नाही. महिन्याला ३४० रुपये जास्त पडणार होते आणि आमच्या घरात असल्या गोष्टी आधी सांगितल्या की त्यांच्यावर चर्चा होते, आणि चर्चा झाली की त्या होत नाहीत. ५० एमबीपीएसचे २०० होणार होते. मी पैसे भरले, मोबाईलवर अभिनंदनाचा मेसेज आला आणि लेकीच्या खोलीत जाऊन मी गुपचूप स्पीड मोजला. ३१ आला. आदल्या दिवशी २९ होता.

हे सगळं लेकीसाठी चाललं होतं. थोरली पुण्याला एका कंपनीत डिझाइनचं काम करते. कंपनीने सहा महिने घरून काम करायची मुभा दिली आणि ती सोलापूरला आली. चार वर्षांनी घरात सकाळी तिची चप्पल दिसायला लागली. पण तिची मीटिंग सुरू झाली की चित्र गोठायचं, आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा आणि ती लॅपटॉप उचलून गच्चीवर पळायची, मोबाईलच्या नेटवर. सोलापूरचा मे महिना. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डोक्याला ओढणी गुंडाळून ती साहेबांशी बोलायची. एका रात्री ती आईला सांगताना मी ऐकलं, "ऑफिसात सारखं ऐकून घ्यावं लागतंय गं. मी पुण्याला परतच जाते."

दुसऱ्या दिवशी मी प्लॅन वाढवला. माझ्या समजुतीनुसार औषधाचा डोस चौपट केला की ताप उतरायलाच हवा होता.

कंपनीला फोन लावला. राऊटर बंद करून चालू करा म्हणाले. केला. प्लॅन बदलला की जुनं लॉगिन तुटून नवं व्हावं लागतं, त्यामुळे हा सल्ला चुकीचा नसतो, पण पाच वेळा तोच दिला की माणसाचा पारा चढतो. सहाव्या वेळी "तुमच्या एरियात लोड आहे" असं उत्तर आलं. फायबरच्या एका धाग्यावरचे सुमारे २.५ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, त्यामुळे हेही अशक्य नव्हतं. पण "तुमच्या एरियात" हे शब्द मला निराळे ऐकू आले.

त्याला कारण आहे. आमच्या मोहल्ल्यात फायबर येण्याआधी मी दुसऱ्या एका कंपनीकडे अर्ज केला होता. फॉर्म भरणाऱ्या पोराने नाव विचारलं, मग पत्ता विचारला आणि पत्ता ऐकल्यावर पेन थांबवून म्हणाला, "तिथे फिझिबल नाही सर." आमच्या गल्लीसमोरचा रस्ता ओलांडला की अपार्टमेंट आहे, तिथे त्याच कंपनीचं नेट होतं. रस्ता ३० फुटांचा. पुढे मोहल्ल्यातल्याच एकाने दुसऱ्या कंपनीची लाईन आणली म्हणून आमच्याकडे फायबर आलं. असं एकदा घडलं की पुढच्या वेळीही तसंच घडतंय असं वाटायला वेळ लागत नाही. पत्ता सांगताना समोरचा क्षणभर गप्प झाला की तो संगणकात काहीतरी शोधत असतो की आपल्याबद्दल काहीतरी ठरवत असतो, हे फोनवर कळत नाही.

कंपनीचा माणूस आला. हातातल्या यंत्राने फायबरमधला प्रकाश मोजला, उणे १९ आला. "लाईन एक नंबर आहे काका," म्हणाला. मग स्पीड का नाही? "वाय-फायची गॅरंटी कंपनी देत नाही." सात मिनिटांत गेला. चहासुद्धा घेतला नाही, आणि खरं सांगतो, मी चहा न घेण्याचाही अर्थ लावला.

त्या रात्री मी दोन पानी तक्रार लिहिली. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे पत्र चांगलं झालं होतं. कोणत्या वस्तीला काय मिळतं आणि काय मिळत नाही याचा इतिहासच त्यात होता. सकाळी पाठवणार, तेवढ्यात संभाजीनगरहून भाच्याचा फोन आला. तो नेटवर्कच्याच कामात आहे. त्याला पत्र वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "मामू, चिठ्ठी अच्छी है. पर पैले वायर लगाओ."

त्याचं म्हणणं असं. कंपनीने विकलेला स्पीड खालच्या मजल्यावरच्या पांढऱ्या पेटीपर्यंत येतो. ती पेटी अब्बांच्या जुन्या शिलाईच्या दुकानात आहे, आता तिथे आमची मोटरसायकल असते. पेटीपासून लेकीच्या लॅपटॉपपर्यंतचा रस्ता आमचा आहे. आधी पेटीपाशी मोज, मग एकेक टप्पा पुढे ये. मला एकदम पटलं. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. उजनी शंभर टक्के भरलं तरी आमच्या नळाला पाणी काही दिवसांआडच येतं, कारण धरण आणि नळ यांच्या मध्ये बरंच काही असतं.

लॅपटॉप घेऊन खाली गेलो. पेटीत दोन पिना खोचलेल्या होत्या. त्यातली एक उपसून तिथे लॅपटॉपची वायर लावली. दुसरी पिन कसली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मोटरसायकलच्या सीटवर लॅपटॉप ठेवून मोजलं.

१९८.

कंपनी पूर्ण माप देत होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण वरच्या खिशात ते दोन पानी पत्र होतं आणि मला वाटलं, आपण सत्य शोधत नव्हतो, आधी ठरवलेल्या आरोपीला पुरावा शोधत होतो. रस्त्यापलीकडच्या त्या जुन्या नकाराचा राग खरा होता, फक्त तो या पेटीवर काढायचा नव्हता. पत्र फाडलं नाही. ठेवलं आहे. त्यातला अर्धा मजकूर अजूनही बरोबर आहे.

मध्येच एक गोंधळ झाला तोही सांगतो, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण त्यात सापडत असतील. खाली एक मोठी फाईल उतरवून पाहिली तर तिथे सेकंदाला २४ दिसले. दोनशेचे चोवीस! भाच्याला पुन्हा फोन. तो म्हणाला, कंपनी बिटमध्ये विकते आणि लॅपटॉप बाईटमध्ये दाखवतो. एका बाईटमध्ये आठ बिट, म्हणजे २०० ला ८ ने भागा, २५ येतात. हा शेरात घेऊन किलोत मोजण्यासारखा प्रकार आहे, पण यात लबाडी नाही.

मग वरचा टप्पा. आमचा राऊटर जुना होता. त्याचं खोकं अम्मीने ठेवून घेतलं आहे, त्यात तिच्या गोळ्यांची पाकिटं असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३०० छापलेलं. ते बघूनच मी निर्धास्त होतो, की २०० चं नेट ३०० च्या राऊटरला जड नाही. पण हा ३०० चा आकडा हवेतल्या लहरींचा, तोही प्रयोगशाळेतला. राऊटर उलटा केला तर खाली बारीक अक्षरांत १०/१०० लिहिलं होतं, म्हणजे त्याच्या पिनेच्या तोंडातून शंभराच्या वर काही जाऊच शकत नव्हतं. शिवाय तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलणारा. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे जेमतेम तीन चॅनेल, आणि आमच्या हॉलमधून फोनवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची अठरा वाय-फाय दिसतात. गल्लीत सगळेच एकदम ओरडून बोलतायत आणि लेक त्यात मीटिंग करतेय, असा तो प्रकार होता. त्यात तिच्या खोलीपलीकडे स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह, तोही त्याच पट्ट्याच्या आसपास चालतो. अम्मीचं दूध गरम व्हायला लागलं की पुण्याचे साहेब गोठत, याचं कारण आता कळलं.

नवा राऊटर आणला, २,४०० रुपयांचा, दोन्ही पट्ट्यांचा. ही चर्चा घरात झाली आणि मी हरलो, पण राऊटर आधीच आणलेला होता. लावला, आणि वायरने मोजलं तर ९४. बंद करून चालू केला, ९४. दुपारी ९४, रात्री बारा वाजता सगळी गल्ली झोपल्यावर ९४. वाय-फायचा आकडा बाजारातल्या कांद्यासारखा वरखाली होतो. हा मात्र कोरून ठेवल्यासारखा.

"मामू, चौऱ्याण्णव म्हणजे वायर," भाचा म्हणाला. १०० च्या जोडणीतून पाकिटांच्या वेष्टनाचा खर्च वजा जाता हातात साधारण ९४ येतात. म्हणजे नवा राऊटर आणि खालची पेटी एकमेकांशी बोलायला बसले आणि त्यांच्या मधली वायर बघून शंभरावरच समाधान मानलं. केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या. शंभरासाठी चारच पुरतात. त्याच्या पुढे जायचं तर आठही लागतात. "कुठेतरी चार तारा सुटल्यात. मध्ये कुठे जोड आहे का?"

जोड होता. जिन्याच्या वळणावर प्लॅस्टिकचा छोटा डबा आहे, त्यावर इतक्या वर्षांचा चुना. स्क्रू काढून उघडला. नारिंगी आणि हिरवी जोडी वर आमच्याकडे गेली होती. निळी आणि तपकिरी जोडी उजवीकडे वळून भिंतीतल्या भोकातून पलीकडे. पलीकडे वहिनींचं घर आहे.

मग सगळं आठवलं. २०२० चा जून. वहिनींचे मालक यंत्रमागावर होते, माग बंद पडले होते. त्यांची मुलगी नववीत, शाळा मोबाईलवर, आणि घरात मोबाईल एकच. मुलगी आमच्या जिन्यात बसून आमचं वाय-फाय पकडायची, कारण भिंती दीड हाताच्या दगडी, पलीकडे काही पोचायचं नाही. बाहेर पोलीस, घरात यायचं तर सगळ्यांना भीती. मोहल्ल्यातल्या एका वायरमन पोराने युक्ती सांगितली, "चाचा, वायर में आठ तार हैं, चार काम करते, चार सोते. सोने वालों को जगा देता." पाईप गिलाव्यात बुजलेला, त्यातून दुसरी केबल जात नव्हती, म्हणून त्याने एकाच केबलीच्या दोन केल्या. माझा त्याहून जुना राऊटर वहिनींकडे बसवला. तेव्हा आमचा प्लॅनच ५० चा, शंभराची मर्यादा कुणाला जाणवणार? पुढे वहिनींचे मालक गेले, मुलगी दहावी झाली, बारावी झाली. त्यांचं नेट आमच्याकडून जातं हे मला माहीत होतं, पण ते कशातून जातं हे मी विसरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी पिना बसवायला केबलवाल्याचा पोरगा आला. डबा बघून हसला. "काका, दोन मिनिटांचं काम आहे. ही चार तोडायची आणि वर जोडायची. त्यांना काय कळतंय, नेट गेलं म्हणतील आणि नवीन घेतील." कटर त्याच्या हातात होता. तीन वाजता लेकीची मीटिंग होती, त्यात तिचं वर्षाचं काम दाखवायचं होतं. मी त्याला म्हटलं, "थांब, आधी चहा घे." चहा घ्यायला लावला तो माझ्याचसाठी. कारण मी नाही म्हटलं नव्हतं. कनेक्शन माझं, पैसे माझे, केबल माझी, मुलगी माझी, असं सगळं मनात मोजून झालं होतं. शिवाय बिल माझ्या नावावर, लाईन दुसऱ्याला द्यायची नाही असं कंपनीच्या अटींत असणारच, म्हणजे नियमही माझ्या बाजूने. इतकी वर्षं तो नियम मला आठवला नव्हता.

चहा संपायच्या आत मी पलीकडे गेलो.

वहिनी मशीनवर होत्या. सोलापूरला शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा आहे, त्या एका युनिटचं काम घरी आणतात. जून तोंडावर, खोलीभर निळ्या चड्ड्यांचे गठ्ठे. मी तारांचं सांगितलं. जमेल तसं सांगितलं, कारण नारिंगी-हिरवं सांगताना आपण काय मागायला आलोय ते झाकायचा प्रयत्न चालला आहे हे मलाच ऐकू येत होतं. त्यांनी मशीन थांबवलं.

"तोडा की भाऊ. तुमचंच आहे."

"मुलीचं कसं?" ती आता नर्सिंगला आहे.

"परीक्षा आहे आठवड्यानं. मोबाईलवर करेल. ताईचं काम आधी." माझ्या लेकीला त्या ताई म्हणतात. मग जरा थांबून म्हणाल्या, "फुकट नव्हतं हं वापरलं. वाहिदाभाभींना विचारा."

मला काही कळलं नाही. घरी येऊन बायकोला विचारलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "धाकट्याचा गणवेश दर वर्षी कोण शिवतं?"

"वहिनी."

"शिलाई किती दिली?"

शिलाई मी कधी दिली नव्हती. विचारलं की वहिनी "राहू द्या" म्हणायच्या आणि मी शेजारधर्म म्हणून ते राहू दिलं होतं. दर वर्षी दोन गणवेश, शिवाय अम्मीचे कुर्ते, ईदच्या आधी पडद्यांना झालर. मी नेट देतोय हे मी विसरलो होतो, पण त्या घेतायत हे त्या एक दिवसही विसरल्या नव्हत्या. "तुला माहीत होतं?" मी म्हटलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली.

वर येऊन पोराला म्हटलं, तोडायच्या तर आहेत, पण आधी दुसरी सोय. यात शहाणपण काहीच नव्हतं, कुणालाही सुचलं असतं: आमच्या वरच्या राऊटरमधून नवीन केबल काढायची, गच्चीच्या कठड्याकडेने न्यायची आणि वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत सोडायची. पाईपच लागत नाही. २० मीटर केबल पुरली. लॉकडाऊनमध्ये हे का सुचलं नाही? तेव्हा दुकानं बंद होती आणि घरात होती ती केबल तेवढीच. नंतर पाच वर्षं का सुचलं नाही, याला उत्तर नाही.

मीटिंगच्या आधी नवी केबल टाकून झाली. टोक खिडकीतून वहिनींनी ओढून घेतलं, कपडे वाळत घालायच्या हुकाला बांधलं आणि त्यांच्या मुलीने जोडणी केली. मग जिन्यातल्या आठही तारा एकत्र आल्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मला आता पाठ आहे, कारण पोराने दोन पिना चुकवल्या आणि तिसरी त्याने आणि मी मोठ्याने म्हणत बसवली. मोजलं, १९५. वहिनींच्या मुलीने खिडकीतून ओरडून त्यांचा आकडा सांगितला. चौऱ्याण्णव. त्यांच्याकडचा राऊटर जुना ना, त्याचं तोंड शंभराचंच.

लेकीच्या टेबलापर्यंत राऊटरमधून वेगळी वायर ओढली. त्या दिवशी मीटिंग पाऊण तास चालली आणि ती एकदाही उठली नाही. मी दाराबाहेर पेपर घेऊन बसलो होतो, वाचलं काही नाही.

नंतर भाच्याने एक गोष्ट सांगितली, ती मला आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. मीटिंगच्या चित्राला तीन-चार एमबीपीएस पुरतात. लेकीला वेग कमी पडतच नव्हता. तिला स्थिरता कमी पडत होती, हवेतल्या गर्दीत पाकिटं उशिरा पोचत होती, हरवत होती. टेबलापर्यंतची ती दोन-अडीचशे रुपयांची वायर जुन्या प्लॅनवर ओढली असती तरी काम भागलं असतं. म्हणजे ३४० रुपये वायाच? तो हसला. आपल्या सरकारच्या व्याख्येत २०२३ पासून २ एमबीपीएस मिळाले की ते ब्रॉडबँड, त्याआधी तर ५१२ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणायचे. त्या हिशेबाने मी नवाब आहे. प्लॅन अजून उतरवलेला नाही. त्यातला अर्धा वाटा वहिनी देतो म्हणाल्या, मी नको म्हटलं, आता शिलाईही घ्यायची असं ठरलं आहे. ठरलं आहे म्हणजे मी म्हटलं आहे. धाकट्याचा गणवेश परवा शिवून आला आणि पैसे बायकोच्या हातातच राहिले.

लेक डिसेंबरपर्यंत आहे.

अम्मीचं मात्र वेगळंच झालं. धाकटा भाऊ कुवेतला असतो. दर शुक्रवारी तो व्हिडिओवर येतो, आणि इतकी वर्षं अम्मीला तो ठिपक्याठिपक्यांचा दिसायचा. "आवाज आता, पोट्टा हिलता नै," ही तिची कायमची तक्रार. नवा राऊटर लागल्यानंतरच्या शुक्रवारी चित्र असं स्वच्छ आलं की त्याच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. अम्मीने फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली. "तेरे बाल कब सफेद हुए रे?"

तो हसला. दोन वर्षांतून एकदा घरी येतो, तेव्हा येण्याआधी केस रंगवून येतो. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

फोन ठेवल्यावर अम्मीने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "वो पैले जैसा धुंदला नै होता क्या अब?"